आत ओढलेला होकार

राब भाजायला लागले की मला नॉर्वे आठवतो.

हसा, खुशाल हसा. माझ्या घरातही सगळे हसतात. माझी सून तर पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते, "आत्याबाईंसमोर धुराचं नाव काढू नका, थेट उत्तर ध्रुवापर्यंत जातील." पण मी काय करू? चैत्र सरत आला की मुळशीच्या डोंगरांतून धुराच्या निळ्या दोऱ्या वर चढू लागतात. धरणाचं पाणी उतरून काठाची लाल माती उघडी पडलेली असते, करवंदीच्या जाळ्या काळ्या होत चाललेल्या असतात, आणि वाफ्यावाफ्यावर पाल्याचे ढीग रचलेले दिसतात. भाताची रोपं जिथे करायची तो वाफा आधी भाजून घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्यालाच राब म्हणतात. खाली शेण, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर गवत नि पाचोळा, सगळ्यात वर बारीक मातीचा थर. मग विस्तव. त्या वासाने पुण्याच्या माणसाला खोकला येतो. मला भूक लागते. आणि भुकेच्या मागोमाग, पायांत लोकरीचे मोजे घालून, सहा फूट उंचीची इंगेबोर्ग येते.

यंदा धुराबरोबर आणखी एक गृहस्थही आले. इथल्याच चांदे गावाजवळ इंग्रजी शाळा काढताहेत. सफारी सूट, हातात पेढ्यांचा पुडा. मी आयुष्यभर शिक्षिका होते, तालुक्यात माझं नाव आहे, तेव्हा मी त्यांच्या शाळेवर देखरेख करावी, असं त्यांचं म्हणणं. "एकच नियम कडक ठेवणार आहोत, बाई. आवारात मराठीचा शब्द नाही. आणि खेडवळ मराठीचा तर अजिबातच नाही. पालकांचीच मागणी आहे." मी त्यांना चहा दिला. साखर थोडी जास्तच घातली, कारण बैठक लांबणार होती. म्हटलं, "बसा. आधी तुम्हाला इंग्रजी आणि नॉर्वेजियन यांतला फरक सांगते."

बिचारे बसले.

साठच्या आगेमागेचा काळ. धरणाच्या पोलादी दरवाज्यांचं काम निघालं होतं आणि त्यासाठी नॉर्वेतून एक इंजिनिअर आला होता. तो दिवसभर ग्रीसमध्ये माखलेला असायचा. त्याची बायको काठावरच्या बंगल्यात एकटी. एकटी बसणाऱ्यांपैकी ती नव्हती. पाण्याच्या कडेने चालत चालत एक दिवस ती आमच्या वाडीत आली आणि शाळेच्या दारात वाकून उभी राहिली. वाकूनच, कारण आमच्या शाळेचं दार शाकारलेल्या छपराखाली होतं आणि आमच्यातल्या कुणाला त्याखालून जायला कधी वाकावं लागलं नव्हतं.

शाळेची शिक्षिका मी. वय विशीच्या आतबाहेर. वाडीचीच मुलगी, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून आलेली.

ठकूआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण, ओसरीवर सुपात नाचणी घोळत बसली होती. वाडीत काहीही घडायचं झालं तर ते ठकूआत्याला विचारून घडायचं. तिने पाहुणीला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याला जरा वेळ लागला.

"नाव काय गं तुजं, बाय?"

मी इंग्रजीत विचारलं. पाहुणी छातीवर हात ठेवून म्हणाली, "इंगेबोर्ग."

"बोरगे?" आत्याने सूप खाली ठेवलं. "कुटल्या बोरग्यांची? आपल्या सोयऱ्यात बोरगे हायेत की!"

मी समजावून सांगितलं. काही उपयोग झाला नाही. संध्याकाळपर्यंत वाडीचं मत पक्कं झालं होतं, की बाई परदेशातली आहे, रंगाने जरा उतरली आहे, पण आहे बोरग्यांचीच. पुढे ती आमच्यात राहिली तोवर तिला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. बोरगेबाई. तीही ओ द्यायची.

आमचा सौदा ठरला. ती मला इंग्रजी शिकवणार, मी तिला मराठी. शाळा सुटली की आम्ही काठावरच्या जांभळीखाली बसायचो. ती करवंदं खायची, ओठ जांभळे करून घ्यायची आणि म्हणायची, आमच्या डोंगरातही अशीच निळी फळं असतात, अशीच तोंड रंगवतात. इंग्रजी शिकवताना तिची एक खोड होती. कुठलाही इंग्रजी शब्द सांगितला की ती त्याच्या शेजारी आपला शब्द आणून बसवायची. इंग्रजी हाउस, तिचं हूस. इंग्रजी मिल्क, तिचं मेल्क. बुक आणि बूक. मी म्हटलं, अहो, ही तर एकच भाषा! तशी ती मान हलवून म्हणाली, "इंग्रजी आमची चुलत बहीण. श्रीमंताच्या घरी पडली. फ्रेंच दागिने घालून बसली. आता ओळख देत नाही."

मग ओळख न देणाऱ्या त्या बहिणीच्या एकेक खोड्या ती मला सांगायची आणि मला असा आनंद व्हायचा म्हणून सांगू! इंग्रजी शाळेतल्या मुलींनी हॉस्टेलात मला जे जे ऐकवलं होतं, त्याचं उट्टं मला जांभळीखाली बसल्या बसल्या मिळत होतं. खिडकीला इंग्रज विंडो म्हणतो. तो शब्द मुळात इंगेबोर्गच्या पूर्वजांचा. ती सांगायची तो उच्चार साधारण विंडेउगे असा होता, म्हणजे वाऱ्याचा डोळा. जहाजांतून आलेले तिचे दांडगे पूर्वज इंग्लंडच्या किनाऱ्याला लुटालूट करून गेले आणि जाताना वाऱ्याचा डोळा तिथे विसरले. इंग्रजांनी तो भिंतीत बसवला आणि त्यात वारा होता हे विसरून गेले. स्काय हा शब्दही तसलाच. इंगेबोर्गच्या भाषेत त्याचा अर्थ ढग. इंग्रजांनी ढग उचलला आणि आकाश म्हणून टांगला. मला ही चूक वाटली नाही. आषाढात ताम्हिणीला येऊन उभं राहा, म्हणजे कळेल. ढग कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं, ते दाखवून द्या, मी पेढे वाटते.

आणि तो चाकू! इंग्रजी चाकूच्या आधी एक क लिहायचा असतो आणि तो म्हणायचा नसतो. मला ट्रेनिंग कॉलेजात या मुक्या क-ने फार छळलं होतं. मी तो म्हणून टाकला आणि सगळा वर्ग हसला. इंगेबोर्गला मी हे सांगितलं तर ती ताडकन उठली, माझ्या हातातला विळा घेतला आणि काठावर उभी राहून धरणाच्या दिशेने ओरडली, "क्नीव!" तिच्या भाषेत तो क बोलतो. तिने गुडघ्यावर थाप मारली, "क्ने!" इथेही बोलतो. पलीकडच्या डोंगरावरून दोन्ही क परत आले. मी अख्खी दुपार क्नीव, क्ने ओरडत होते. गुरं चरायची थांबली.

इंग्रजीतला 'मी', म्हणजे आय, नेहमी मोठ्या अक्षरात लिहायचा, हेही तिने मला हसत हसत दाखवलं. वाक्याच्या सुरुवातीला असो की मधल्या गर्दीत, तो आपला काठी टेकून पाटलासारखा उभा. तिचा मी लहान अक्षरात. शिवाय तो दर दरीत वेगळा. एका खोऱ्यात एग, दुसऱ्यात याइ, तिसऱ्यात नुसताच ऐ. "डोंगर ओलांडला की मी बदलते," ती म्हणाली. मी विचारलं, मग यातला शुद्ध कोणता? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी विचारावं की यातला शुद्ध डोंगर कोणता.

वाडीतल्या बायकांना मात्र यातलं काही फारसं विशेष वाटलं नाही. त्यांना आवडला एकच शब्द. नॉर्वेजियन भाषेत लग्न झालेल्याला आणि विषाला एकच शब्द आहे आणि तोच शब्द, गिफ्ट, इंग्रजीत भेटवस्तूला वापरतात, हे मी सांगितलं तेव्हा ठकूआत्या पोट धरून हसली. "त्यांच्यात बायकांनी भाषा क्येलीया," म्हणाली, "आन् विंग्रजी बाप्यांनी."

पण एका गोष्टीने सगळ्यांना चकित केलं. इंगेबोर्ग होकार देताना श्वास आत ओढायची. आपण हो म्हणतो, इंग्रज येस म्हणतो, तो शब्द श्वासाबरोबर बाहेर पडतो. तिचा 'या', म्हणजे हो, आत जायचा. हलकासा, घशात दचकल्यासारखा. पहिल्यांदा ठकूआत्याने तिला विचारलं, "भाकरी खातीस का?" आणि बाईने हिसका बसल्यासारखा श्वास आत घेतला. आत्या किंचाळली, "अगं, छातीत कळ आली हिच्या! पानी आना!" दोघीतिघी तांब्या घेऊन धावल्या. इंगेबोर्ग पाणी प्यायली, भाकरी खाल्ली आणि आणखी हवी का विचारल्यावर पुन्हा तशीच दचकली. तिच्या गावाकडे सगळेच असे म्हणतात, तिने सांगितलं. मी पुष्कळ दिवस विचार करत होते. बाहेर टाकलेला होकार समोरच्याचा होतो. आत ओढलेला होकार आपल्याजवळ राहतो. पोरांनी विचार वगैरे काही केला नाही. आठवड्याभरात सगळी शाळा व्हय म्हणताना श्वास आत ओढू लागली.

हे सगळं मी आनंदात सांगते आहे. पण त्या उन्हाळ्यात मी एप्रिलच्या परीक्षेचे दिवस मोजत होते.

मागच्या तपासणीला आलेले साहेब जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "बाई, मुलांना गणित येतं, वाचन येतं. पण भाषा! हाय काय, न्हाई काय! आणि तुमच्याही तोंडून मी ते ऐकलं. एप्रिलच्या परीक्षेला पुन्हा हेच कानावर आलं, तर जूनपासून तुमच्या जागी पुण्याचा शिक्षक येईल." माणूस वाईट नव्हता. शुद्ध हा शब्द तो असा उच्चारायचा, की जणू तोंडात खडीसाखर आहे.

पुण्याचा शिक्षक म्हणजे काय, ते वाडीला ठाऊक होतं. माझ्याआधी तसे येऊन गेले होते. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की वाट बंद, ओढे छातीला, अंगावर बुरशी. मास्तर आषाढात आजारी पडायचे आणि दिवाळीनंतर बरे व्हायचे. तोवर शाळेला कुलूप. मुलगे गुरांमागे, मुली धाकट्यांना कडेवर घेऊन. मी आले आणि पावसातही शाळा चालू राहिली, कारण मला जायला दुसरं घरच नव्हतं. मी गेले असते तर माझी नोकरी जाणार होती, ती गोष्ट वेगळी. शाळाच जाणार होती.

म्हणून मी मुलांची जीभ घासायला घेतली. माझीही कुणी तरी घासली होती. हॉस्टेलच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "आधी तोंडातला चिखल धुऊन ये." दोन वर्षं मी तो धुतला. आता मी पोरांच्या तोंडाशी तांब्या घेऊन बसले. हाय नाही, आहे. व्हतं नाही, होतं. सकाळी म्हणायचं, दुपारी म्हणायचं. पोरं गुणी. त्यांनी चुकायचं बंद केलं. म्हणजे बोलायचंच बंद केलं. बायजी नावाची आठ वर्षांची मुलगी, जिला मी एरवी गप्प बस म्हणून थकायची, ती प्रश्न विचारला की उभी राहायची, ओठ उघडायची, आणि उत्तर आहे-च्या उंबरठ्याला ठेच लागून पडायचं. ती खाली बसायची.

इंगेबोर्ग खिडकीतून, त्या वाऱ्याच्या डोळ्यातून, बघत होती. म्हणाली, "तुझी पोरं आता इंग्रजी चाकूतला क झाली."

त्या संध्याकाळी तिने मला तिच्या शाळेबद्दल सांगितलं. लिहायच्या त्यांच्या दोन रीती. एक राज्यकर्त्यांच्या जुन्या भाषेतून आलेली, शहरी. दुसरी, खोऱ्याखोऱ्यांतून पायी हिंडून खेड्यांतले शब्द वेचून उभी केलेली. मुलाने दोन्ही शिकायच्या. पण बोलायचं घरच्यासारखं. मास्तरांनी मुलाच्या बोलण्याला हात लावायचा नाही, तिच्या आजीच्या काळापासूनचा दंडक. राजधानीत मोठ्या खुर्चीवर बसलेला माणूसही आपल्या आईसारखाच बोलतो आणि कुणी हसत नाही. "मी तुमच्या साहेबांना सांगते," ती म्हणाली. "माझं ऐकतील."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? गोऱ्या बाईचं साहेबांनी नक्की ऐकलं असतं. पण मी नको म्हटलं. "ऐकतील ते तुमचं. माझं नव्हे. उद्या तुम्ही गेलात की माझी जीभ पुन्हा अशुद्ध."

नॉर्वेतला तो दंडक मी ठकूआत्याला सांगितला. मला वाटलं, ती हरखेल. ती वाफ्यावर पाला पसरत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग? त्यात इशेष काय? आई बोलती तसं प्वार बोलनार. येवडं कळाया त्यांना कायदा करावा लागला? येडीच मानसं म्हनायची."

मग इंगेबोर्गकडे वळून तिने राब कसा पेटवायचा ते दाखवलं. वारा कुठून येतो ते मूठभर माती उडवून पाहिलं. इंगेबोर्ग वाऱ्याच्या बाजूने काडी लावायला गेली, तर आत्याने तिचा हात धरला. "तिकडनं न्हाई. वाऱ्यासंगं पेटवला तर आग पळती. वरवर जळतं, माती कच्ची ऱ्हाती. ह्या टोकाला लाव. हितनं वाऱ्यावर चालून जाऊ दे. लई हळू जाती, पर खालपतूर भाजती."

आग निघाली. वारा तिला मागे ढकलत होता, आणि ती बोट बोट पुढे जात होती. मी कितीतरी वेळ उभी होते.

परीक्षेच्या दिवशी साहेब आले. एसटीतून उतरून उन्हातून चालत, हातात छत्री, नाकाला रुमाल. चारी बाजूंना राब धुमसत होते. शाळेला लागूनच ठकूआत्याचा वाफा, तो सकाळीच भाजून झालेला, वर नुसती राखाडी माती. पुढच्या वाफ्यावर बायका पाला वाहत होत्या आणि त्यांच्यात इंगेबोर्ग, डोक्याला फडकं, तोंड काजळीने काळं. मी तिला शाळेच्या आत येऊ नका असं बजावलं होतं.

साहेबांनी बायजीला उभं केलं. "बाळ, पाऊस कसा पडतो, सांग पाहू."

बायजीने ओठ उघडले. माझ्याकडे पाहिलं. तिला उत्तर येत होतं, मला ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि उंबरठाही दिसत होता. ती खाली बसली. दुसरा उठला, बसला. तिसरा. अख्खा वर्ग शुद्ध आणि मुका. साहेबांनी सुस्कारा सोडला. "बाई, मागच्या वेळी निदान आवाज तरी होता."

त्या एका वाक्यावर माझं काहीतरी सटकलं. की बसलं, कोण जाणे. मी पदर खोचला आणि टेबलापुढे आले.

"बायजे, ऊठ. कुनाकडं बगू नगंस. आपल्यात सांग. पाऊस कसा पडतो गं?"

बायजीने श्वास आत ओढला आणि सुटली. "समिंदराचं पानी ऊन पितं, बाई. त्याचं ढग व्हत्यात. वारा त्यास्नी हिकडं हाकतो. ते आमच्या डोंगराला थडकत्यात. वर चढाया लागत्यात, थंड पडत्यात, आन् हितंच रिते व्हत्यात. पार धो धो. म्होरं पुन्याला जायाला त्यांच्यात काय ऱ्हातंय? म्हनून पुन्याचा पाऊस लुकडा."

वर्गात खसखस पिकली. मग हात वर झाले. एकाला ढग सांगायचे होते, एकाला धरण, एकाला पुण्याच्या पावसाबद्दल आणखी थोडं.

"बाई!" साहेब उभे राहिले. "हे काय चाललं आहे?"

"परीक्षा चालली हाय, सायेब."

"पण तुम्ही तर आता शुद्ध बोलत होतात!"

"व्हय. लई दिस बोलले. आज त्याला सुट्टी दिलीया. उत्तर चुकलं आसंल तर सांगा."

त्यांनी छताकडे पाहिलं. उत्तर चुकलं नव्हतं. "लिहिताना हे असं लिहिणार आहात का?" त्यांनी मुलांना विचारलं. "लिहिताना पुस्तकातली भाषा लागते, कळलं का सर्वांना?"

सगळ्या शाळेने एकदम श्वास आत ओढला.

साहेब मागे सरकले. "या मुलांना दमा आहे का?"

"न्हाई, सायेब. होकार हाय."

आता ते खरोखर रागावले. रुमाल नाकावरून काढला. ही थट्टा आहे, म्हणाले, आणि ती थांबली पाहिजे, आणि जूनमध्ये इथे पुण्याचा शिक्षक रुजू होईल.

दारात बायका जमल्या होत्या. हातांत पाला, कपाळावर राख. ठकूआत्याने उंबरठ्याला टेकून विचारलं, अगदी गोडीत, "धाडा की, सायेब. मास्तर धाडाल. पर पोरं कुटनं धाडाल?"

कुणी हसलं नाही. बायजीची आई आत आली आणि तिने बायजीचा हात धरला. तिच्या मागून दुसरी आली. एकेक आई येऊन आपल्या पोराशेजारी उभी राहिली आणि साहेबांना पोरांशिवायची शाळा कशी दिसेल ते दिसलं.

त्यांनी छत्री उचलली आणि बाहेर पडले. तावातावाने. एसटी पकडायची होती म्हणून वाटेने न जाता थेट आडवे. आणि आडवा होता ठकूआत्याचा राब.

आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा भाजलेल्या वाफ्यावर संध्याकाळपर्यंत पाय टाकत नाही. वरची माती थंड दिसते, पण हळू गेलेली आग खाली बसून असते. साहेबांचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. चपलेत निखारे शिरले. आणि त्या शुद्ध गळ्यातून, डोंगर दणाणेल अशी, आरोळी उठली:

"आगं आयायायाय! मेलो, मेलो! आये, पाय भाजला की गं माझा!"

मग एक काळीकुट्ट, ताडमाड बाई धावत आली, तिने साहेबांना काखेत धरून उचललं आणि कडेला आणून बसवलं. "हालू नगा, सायेब. चप्पल काढा. पानी आना गं वाईच!"

पाण्याचा हंडा आला. साहेबांनी पाय आत घातला. डोळे मिटले, उघडले, आणि काजळीतून रोखलेले दोन निळे डोळे त्यांना दिसले. "ह्या कोन?" त्यांनी विचारलं. बरं का, या कोण नव्हे. ह्या कोन.

"बोरगेबाई," ठकूआत्या म्हणाली. "आमच्या सोयऱ्यातल्या."

साहेबांनी मान डोलावली, जणू बोरग्यांत निळे डोळे असायचेच. चहा मागून घेतला. हंड्यात पाय ठेवून, बशीत ओतून, फुर्र करून प्यायले. त्यांचं गाव साताऱ्याच्या पल्याड होतं. आई होती गावाकडे. ती कशी बोलते, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज उरली नव्हती. निघताना माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "कुनास्नी सांगू नगासा."

मी एवढी वर्षं सांगितलं नाही. आता पुष्कळ झालं.

जूनमध्ये पाऊस आला, ओढे चढले, वाट बंद झाली. पुण्याचा शिक्षक आला नाही. शाळा मी उघडली. साहेबांनी काय ठरवलं आणि का, घाबरून, लाजून की हंड्यातल्या गारव्याने, ते मला आजही ठाऊक नाही. पुढेही ते येत राहिले. बूट घालून. बोलायचे शुद्धच. मीही लिहिते शुद्धच, हे तुम्ही वाचताच आहात. लिहायच्या भाषेशी माझं भांडण कधीच नव्हतं. माझं भांडण आहे ते तांब्या घेऊन दुसऱ्याच्या तोंडाशी बसणाऱ्यांशी. इंग्रजी मला आवडते, तिच्या दागिन्यांसकट. पण तिने मुक्या केलेल्या क-साठी माझा जीव अजून तुटतो आणि तो दूर थंडीत, एका खोऱ्यात, मोठ्याने बोलतो आहे, हे आठवून मला गुदगुल्या होतात.

दरवाज्यांचं काम संपलं आणि पावसाळ्यानंतर इंगेबोर्ग गेली. तिच्या भाषेत प्लीजला सुटसुटीत शब्द नाही, आपल्यातही कृपया फक्त पाटीवर असतं. पण आभार त्यांच्याकडे पुष्कळ. जेवणाचे वेगळे, आणि पुन्हा भेटल्यावर मागच्या भेटीचे वेगळे. ते वेगळे आभार मला कधी मिळाले नाहीत, कारण पुन्हा भेट झाली नाही. जाताना ती मात्र आमच्यासारखी म्हणाली, "येते गं." येणार नव्हती, हे दोघींना माहीत होतं. तरी जाते म्हणाली नाही.

वाडीतल्या बायका आजही होकार देताना श्वास आत ओढतात. बायजीच्या लेकीही. एखादा भाषापंडित आमच्याकडे आला तर डोकं धरून बसेल. मी त्याला काही सांगणार नाही. शोधू दे.

तर, सफारीवाल्या गृहस्थांचा चहा संपला होता. पेढ्यांचा पुडा मांडीवर तसाच होता, आणि लक्ष मघापासून घड्याळाकडे. बाहेर कुणीतरी वाफा पेटवला होता आणि धूर वाऱ्याच्या डोळ्यातून घरात येत होता. त्यांनी खोकून विचारलं, "म्हणजे बाई, एवढं सगळं सांगून तुम्ही आमच्या शाळेला नाही म्हणताय का?"

मी श्वास आत ओढला.

ते दचकून उभे राहिले, पेढे खाली सांडले आणि ते आमच्या सुनेला ओरडून सांगू लागले, "अहो, पाणी आणा! पाणी! बाईंच्या छातीत कळ आली!"